तीन सुरांचा दणका

आम्ही हेवी रॉक लावलं की कुणीतरी म्हणतंच, “बंद करा तो गोंगाट!” पण आवाज मोठा तर लग्नातल्या डीजेचाही असतो. मग रॉकचा दणका येतो कुठून?

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी 17 वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे गिटारच्या तारा दाबायची नेमकी तीच बोटं! त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं. तारा हलक्या घेतल्या, 1971 च्या आल्बममध्ये तर सैलही सोडल्या. तार सैल केली की सूर खाली उतरतो, भारदस्त होतो.

त्याच्या ‘ब्लॅक सबाथ’ या बँडचं त्याच नावाचं गाणं 1970 चं. त्याची मुख्य धून तीनच सुरांची: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. लय अगदी विलंबित. दोन सुरांमध्ये एवढी मोकळी जागा, की पुढचा ठोका कधी पडतो म्हणून आपण श्वास धरतो. आमच्या मते खरी ताकद त्या थांबण्यात आहे; शेवटी लय द्रुत होते, ते त्यामानाने सोपं.

भजनी मंडळाच्या पेटीवर करून बघा. पांढरी एकचा सा धरा, मग वरचा सा, मग काळी तीन. सावकाश. कान पंचमाची वाट बघत राहतो, आणि तो येतच नाही.