गाडी पुढून बसते तेव्हा

गेल्या पावसाळ्यात लक्ष्मी चौकाकडून मारुंजीला येताना एका गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. रस्ता रोजचा, गतिरोधक रोजचा आणि गाडीत मी एकटाच. घरी आल्यावर पार्किंगमध्ये गाडीसमोर उभं राहून पाहिलं. उजवीकडे टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं सहज जात होती, डावीकडे जेमतेम तीन. सतरा वर्षांची गाडी पुढून बसली होती.

हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेल्या या गावात बांधकामांना खंड नाही. काँक्रीटचे मिक्सर आणि डंपर ज्या रस्त्यांवरून दिवसरात्र जातात, त्याच रस्त्यांवरून आपल्या छोट्या गाड्याही जातात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे चाक सावकाश चढेल आणि सावकाश उतरेल. सोसायट्यांच्या फाटकासमोर आणि गावठाणात जे उंचवटे घातलेले असतात, ते पुष्कळदा एका पावलात ओलांडता येतात. तिथे चाक चढत नाही, आदळतं. असा प्रत्येक दणका पुढची स्प्रिंग झेलते.

ज्या गॅरेजमध्ये गाडी नेली तिथे निदान दोन मिनिटांत झालं. ‘साहेब, शॉकअप गेलेत.’ दोन्ही शॉकअप बदलले. गाडीचं डुलणं कमी झालं, वळणावर ती स्थिर वाटू लागली. उंची मात्र होती तिथेच राहिली. डावीकडे तीनच बोटं.

गाडी बसली की जंपर गेला, शॉकअप गेला, असं आपण सगळेच म्हणतो. पण गाडीचं वजन शॉकअपवर नसतंच, ते असतं स्प्रिंगवर. शॉकअप ही तेल भरलेली नळी आहे. आतल्या दट्ट्याला बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून तेल ढकललं जाताना जो विरोध होतो, तो उसळणाऱ्या स्प्रिंगला आवरतो. हा विरोध हालचालीच्या वेगावर अवलंबून असतो. गाडी उभी असली की वेग शून्य, म्हणून विरोधही शून्य. काढलेला जुना शॉकअप मी जमिनीवर उभा धरून दाबून पाहिला. झटक्यात दाबला तर अडतो, सावकाश दाबला तर नुसत्या हाताने आत जातो. एका चाकावरचं अडीचशे किलो ओझं पेलणारी वस्तू अशी हाताने दबणार नाही. गॅस भरलेला शॉकअप दहा-पंधरा किलोचा जोर लावतो, पण तेवढ्याने उंचीत फरक पडतो तो पाच-सात मिलिमीटरचा.

मग स्प्रिंगला काय होतं? रॉबर्ट हूकने आपला नियम १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि १६७८ मध्ये, म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकानंतर चार वर्षांनी, त्याची उकल जाहीर केली: जितका जोर, तितका ताण. छोट्या गाडीच्या पुढच्या एका चाकावरच्या स्प्रिंगला साधारण २५० किलो पेलायचे असतात असं धरू. दोन किलोला एक मिलिमीटर दबणारी स्प्रिंग असेल, तर गाडी उभी असताना ती १२५ मिलिमीटर दबलेली असते. हे आकडे गाडीगणिक बदलतील, नातं बदलणार नाही.

इथे एक गैरसमज खूप खोल रुजला आहे. जुनी स्प्रिंग ‘मऊ’ होते, असं मानलं जातं. ती मऊ होत नाही. पोलादाचा कडकपणा त्याच्या अणूंमधल्या बंधांवर ठरतो आणि सतरा वर्षांत ते बंध सैल पडत नाहीत. जुनी स्प्रिंगही दोन किलोला एकच मिलिमीटर दबते. कमी होते ती तिची मूळ लांबी. वर्षानुवर्षं ताण सोसताना धातूच्या स्फटिकांतले थर किंचित सरकतात आणि पुन्हा पूर्ण जागेवर येत नाहीत. स्प्रिंग १५ मिलिमीटरने आखूड झाली, की गाडी जवळपास तेवढीच खाली येते. गाडीचं वरखाली होणं आधीसारखंच, सेकंदाला सुमारे दीड वेळा, चालू राहतं. तरीही प्रवासात दणके बसतात, कारण खालच्या रबरी स्टॉपरपर्यंतचं अंतर कमी झालेलं असतं आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी त्यावर जाऊन आपटते.

स्प्रिंग बनवणाऱ्यांना हे बसणं चांगलं ठाऊक असतं. म्हणून नवी स्प्रिंग कारखान्यातच एकदा वेटोळ्याला वेटोळं टेकेपर्यंत दाबतात. जे काही बसायचं आहे त्यातलं बरंचसं तिथेच बसून घेतं, आणि मगच ती गाडीत येते. पोलादात सिलिकॉन घालतात तेही याचसाठी. स्प्रिंग जन्मतःच थोडी बसवून पाठवायची, ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते.

दुसऱ्यांदा गॅरेजमध्ये जाण्याआधी मी मोजायचं ठरवलं. मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर उपयोगाचं नाही, त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरायची. त्याआधी चारही चाकांखालची जमीन एका पातळीत आहे का, हे पाहायला हवं. एक चाक एखाद्या सेंटीमीटरच्या खळग्यात असलं, तरी चारही स्प्रिंगांवरचं ओझं बदलतं. शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून आणली. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखीच राहते, एवढ्या जोरावर तो दहा मजले उभे करतो, माझं पार्किंगही त्याच नळीने तपासलं. नेहमीची जागा गटाराकडे उतरती निघाली. गाडी दुसऱ्या टोकाला नेली.

हँडब्रेक सोडून गाडी हाताने चार पावलं पुढे-मागे ढकलली, म्हणजे जॅकवरून उतरताना आत ओढली गेलेली चाकं मोकळी होतात. पुढचा कोपरा खाली दाबून सावकाश सोडला आणि माप घेतलं. मग तोच कोपरा वर उचलून सावकाश सोडला आणि पुन्हा माप घेतलं. दोन आकडे वेगळे येतात. रबरी बुश आणि सांध्यांच्या घर्षणामुळे गाडी आपल्या खऱ्या उंचीच्या थोडी अलीकडे किंवा पलीकडे अडकते. दोन्हींची सरासरी धरायची. माझे आकडे आले डावीकडे ३४.६ सेंटीमीटर, उजवीकडे ३६.४. फरक १८ मिलिमीटरचा.

तरीही डावी पुढची स्प्रिंगच दोषी, असं इतक्यात म्हणता येत नाही. गाडीची बॉडी ताठ असते. मागची डावी स्प्रिंग बसली तरी सगळी गाडी डावीकडे कलते आणि पुढचं डावं मडगार्डही खाली येतं. यावर एक साधी कसोटी आहे. मागच्या बाजूला, बरोबर मधोमध, जॅक लावून मागची चाकं किंचित मोकळी करायची. आता मागच्या स्प्रिंगांना गाडी कलती ठेवता येत नाही. पुढचा कल नाहीसा झाला तर दोष मागे, राहिला तर पुढे. जॅक कुठे लावायचा हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावं आणि जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये. माझ्या गाडीत १७ मिलिमीटर फरक तसाच राहिला.

यावेळी मेकॅनिकला हे आकडे लिहिलेला कागद दिला. त्याने गाडी घोडीवर घेतली, चाक काढलं आणि बॅटरीच्या उजेडात स्प्रिंगच्या खालच्या थाळीतला चिखल बोटाने खरवडला. चिखलाबरोबर अंगठ्याएवढ्या लांबीचा पोलादाचा तुकडा हातात आला. शेवटचं वेटोळं तुटलेलं होतं. तुटलेल्या तोंडावर दोन रंग स्पष्ट दिसत होते. कडेला गंजाची तपकिरी चंद्रकोर, बाकीचा भाग राखाडी आणि खरबरीत. चंद्रकोर म्हणजे जुनी, हळूहळू आत सरकत गेलेली चीर. राखाडी भाग शेवटच्या दणक्यात एकदम तुटला होता.

स्प्रिंग बहुतेक वेळा तळाशीच तुटते, याला कारण आहे. खालच्या थाळीत पाणी आणि माती साचून राहते, शेवटचं वेटोळं तिथे घासून रंग उडतो आणि उघड्या पोलादावर गंजाची बारीक खळी पडते. दाबाच्या स्प्रिंगमध्ये तार वाकत नाही, पिळली जाते, आणि हा पीळ सगळ्यात जास्त असतो तो पृष्ठभागावर. नेमकी तिथेच खळी असेल तर चीर तिथूनच निघते. हिशोब करून पाहा: १२ मिलिमीटरची तार झिजून ११ ची झाली, तर तेवढ्याच ओझ्याला तिच्यावरचा ताण सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. कडकपणा जाडीच्या चौथ्या घातावर असल्याने तोही तितकाच घटतो. स्प्रिंग खरोखर मऊ होते ती एवढ्या एकाच वाटेने, वयाने नव्हे तर गंजाने.

तार पिळली जाते, ही गोष्ट जुन्या गाड्यांबाबत कामाची आहे. अ‍ॅम्बॅसेडरला पुढे वेटोळ्याची स्प्रिंग नव्हतीच, तिथे टॉर्शन बार म्हणजे पिळली जाणारी सरळ दांडी होती. पुण्यात बनलेल्या आणि १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या सफारीतही पुढे अशीच दांडी होती. वेटोळ्याची स्प्रिंग म्हणजे तीच दांडी गुंडाळलेली. अशा गाड्यांत दांडीचा पीळ जुळवून पुढची उंची परत आणता येते, नवा भाग लागेलच असं नाही. मारुती ८०० पासून इंडिकापर्यंतच्या छोट्या गाड्यांत मात्र मॅकफर्सन स्ट्रट आहे, शॉकअपभोवतीच गुंडाळलेली स्प्रिंग. तिथे बसलेली स्प्रिंग बदलणं हाच इलाज.

बाजारात दुसरे इलाज सुचवले जातात, त्यांपासून मी वाचकांना सावध करू इच्छितो. वेटोळ्यांमध्ये रबरी बफर ठोकला की गाडी वर येते, पण ती वेटोळी कामातून जातात, उरलेल्यांवर ताण वाढतो आणि बफरच्या कडेला स्प्रिंग तुटण्याची भीती राहते. गॅसवर तापवून स्प्रिंग ताणणं त्याहून वाईट. स्प्रिंगचं पोलाद तापवून तेलात बुडवलेलं आणि मग ४०० ते ५०० अंशांवर पुन्हा मुरवलेलं असतं. लाल होईपर्यंत तापवलं की ती सगळी कमाई गेली. भंगारातली स्प्रिंग म्हणजे दुसऱ्या गाडीने आधीच बसवलेली स्प्रिंग.

स्प्रिंग घरी काढायचा मोह होत असेल, तर एक आकडा लक्षात ठेवा. वरच्या हिशोबात धरलेली, दोन किलोला एक मिलिमीटर दबणारी स्प्रिंग १५ सेंटीमीटर दाबली, की तिच्यात साडेबावीस किलोचं पोतं एक मीटर उचलण्याइतकी ऊर्जा साठते. स्ट्रटचा वरचा नट दाबयंत्र न लावता सोडला, तर ती सगळी एका क्षणात सुटते. हे काम योग्य साधनं असलेल्या हातांचंच आहे.

स्प्रिंग जोडीनेच बदलावी. माझी उजवी तुटलेली नव्हती, पण सतरा वर्षं तिनेही काढली होती. डिझेल इंजिन जड, म्हणून त्याच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात, त्यांच्यावरचे रंगाचे ठिपके आणि पार्ट नंबर जुळवून घ्यावेत. वरचं रबरी माउंटिंग दबलेलं असेल तर तेही याच वेळी बदलावं. आणि एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगावी: लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या उंचीवर आल्यावरच पूर्ण आवळायचे. चाक लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. त्यानंतर व्हील अलाइनमेंट.

नव्या जोडीनंतर आकडे आले ३७.२ आणि ३७.०. म्हणजे न तुटलेली उजवी बाजूही सहा मिलिमीटर खाली गेलेली होती, फक्त ती डोळ्यांना दिसत नव्हती.

त्या रात्री कासारसाईच्या रस्त्याला गेलो आणि आपण इतके दिवस काय गमावलं होतं ते कळलं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर असलेल्या गाडीची पुढची बाजू दोन सेंटीमीटर खाली गेली, तर गाडी जवळपास अर्ध्या अंशाने पुढे झुकते. डिपरचा झोत साधारणपणे मीटरमागे एक सेंटीमीटर उतरता ठेवलेला असतो. तो आता पावणेदोन सेंटीमीटरहून जास्त उतरतो. ६५ सेंटीमीटर उंचीवरचा दिवा जिथे ६५ मीटरपर्यंत रस्ता दाखवत होता, तिथे तो ३५ मीटरच्या आसपास संपतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने तो सगळा रस्ता दोन सेकंदांत सरतो. स्प्रिंग बदलली की दिव्यांचा झोतही तपासून घ्यावा. मधल्या काळात कोणी तो वर केला असेल, तर आता समोरच्याचे डोळे दिपतील.

आपली गाडी आज सरळ उभी असेल, तर आजच टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची मापं घ्या आणि तारखेसह गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. जुन्या गाडीची मूळ उंची सांगणारं पुस्तक पुढे शोधून मिळेलच असं नाही. तुमच्या हातचे हे चार आकडे मात्र जवळ असतील.