श्रुतलेखनापासून डिजिटल नोंदीपर्यंत : रुग्णगोपनीयतेचा मागोवा

रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे दीर्घकाळ वैद्याच्या सचोटीवर सोपवलेले कर्तव्य होते; परंतु डॉक्टरांनी ध्वनिमुद्रित केलेली टिपणे ऐकून ती टंकलिखित करण्याचे काम, म्हणजेच मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन, १९९० च्या दशकात अमेरिकेतून भारतासारख्या देशांत येऊ लागले, तेव्हा रुग्णाला कधीही न पाहणाऱ्यांच्या हाती त्याचे नाव, निदान आणि औषधयोजना पडू लागली.

अमेरिकेच्या १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याखालील गोपनीयतेचे नियम एप्रिल २००३ पासून लागू झाले, तरी त्यांचे थेट बंधन रुग्णालये व विमा कंपन्यांसारख्या मूळ घटकांवर होते आणि ट्रान्स्क्रिप्शन करणाऱ्या संस्था केवळ कराराने बांधलेल्या होत्या. या रचनेतील उणीव त्याच वर्षी उघड झाली. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राचे काम उपकंत्राटांच्या साखळीतून कराचीतील एका महिलेपर्यंत पोहोचले होते, आणि मोबदला थकल्याने तिने रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकण्याची धमकी दिली. पुढे २००९ चा ‘हायटेक’ कायदा आणि २०१३ ची नियमावली यांनी उपकंत्राटदारांनाही थेट उत्तरदायी ठरवले.

भारतात २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वैद्यकीय नोंदींना ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ असा वेगळा दर्जा दिला. मात्र त्याच वर्षीच्या सरकारी स्पष्टीकरणाने परदेशी ग्राहकांसाठी कराराने काम करणाऱ्या कंपन्यांना रुग्णाची संमती घेण्याच्या अटीतून वगळले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने विखुरलेल्या नोंदी रुग्णाच्या संमतीने जोडण्याची व्यवस्था उभारली. संमती असली तरी सुरक्षिततेचा प्रश्न उरतोच, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वरील सायबर हल्ल्याने दाखवले, कारण त्यानंतर अनेक दिवस तेथील कामकाज हाताने लिहून चालवावे लागले.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने परदेशी रुग्णांच्या कंत्राटी कामाला बहुतांश तरतुदींतून सूट देतानाही माहिती सुरक्षित राखण्याचे कर्तव्य कायम ठेवले, ही जमेची बाजू होय. त्याच कायद्यात संवेदनशील माहितीचा स्वतंत्र वर्ग मात्र नाही, त्यामुळे क्षयरोगाचे वा मनोविकाराचे निदान आणि एखाद्याचा दूरध्वनी क्रमांक यांना तत्त्वतः एकाच मापाचे संरक्षण मिळते. या काळात उत्तरदायित्वाचे वर्तुळ विस्तारले, परंतु वैद्यकीय नोंदीचे वेगळेपण भारतीय कायद्यात पुसट झाले.