न खपलेल्या तीन तबकड्या

निक ड्रेक या इंग्लिश गायक-गीतकाराच्या हयातीत तीनच एलपी निघाल्या: 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' (1969), 'ब्रायटर लेटर' (1971) आणि 'पिंक मून' (1972). त्या वेळी एकीच्याही पाच हजार प्रती खपल्या नाहीत. 25 नोव्हेंबर 1974 रोजी, वयाच्या 26 व्या वर्षी तो गेला. आज अर्धशतक उलटून गेलं तरी या तिन्ही तबकड्या बाजारात आहेत आणि त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेली माणसं त्या आवडीने ऐकतात. याचं कारण लोक बहुधा त्याच्या अकाली जाण्यात शोधतात. मला ते पटत नाही. अकाली गेलेले दुःखी गायक पुष्कळ झाले, त्यांतले बहुतेक विस्मरणात गेले. ड्रेक टिकला तो कारागिरीमुळे, आणि ती जपणाऱ्या चार माणसांमुळे.

त्याचा जन्म 19 जून 1948 चा, रंगूनचा. वडील रॉडनी 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन'मध्ये इंजिनिअर होते. ब्रह्मदेशी सागवानाचा व्यापार करणारी ही कंपनी 1863 साली मुंबईत स्थापन झाली. आज ती वाडिया समूहात आहे. आई मॉली पियानोवर स्वतःची गाणी रचायची. निकच्या जन्माआधी, ब्रह्मदेशावरच्या जपानी आक्रमणाच्या काळात ती दिल्लीत आली आणि बहिणीबरोबर 'लॉइड सिस्टर्स' या नावाने ऑल इंडिया रेडिओवर गायली. तिची घरगुती ध्वनिमुद्रणं तिच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली. ती ऐकताना मुलाच्या चालींचं मूळ घरातच होतं, हे स्पष्ट कळतं.

पुढे हे कुटुंब इंग्लंडमध्ये टॅनवर्थ-इन-आर्डन या गावी स्थायिक झालं. निक केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकत असताना लंडनच्या 'राउंडहाउस'मध्ये 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या बँडच्या अ‍ॅश्ली हचिंग्जने त्याला ऐकलं आणि निर्माता जो बॉइडला त्याचं नाव सुचवलं. हा मुलगा लाजाळू होता, पण गाण्याच्या बाबतीत ठाम होता. पहिल्या तबकडीसाठी नेमलेल्या अनुभवी संयोजकाचं काम त्याला रुचलं नाही. त्याने केंब्रिजमधल्या रॉबर्ट कर्बी या मित्राचं नाव पुढे केलं आणि व्हायोलिन-चेलोंची बहुतेक रचना कर्बीकडूनच करून घेतली. 'रिव्हर मॅन'चं संयोजन मात्र कर्बीला झेपेना. ते हॅरी रॉबिन्सनने केलं. हे गाणं पाच मात्रांच्या आवर्तनात आहे. झपताल कानात मुरलेल्या आपल्या श्रोत्याला पाचाची चाल सहज उमगेल. पाश्चात्त्य लोकसंगीतात मात्र ती विरळा. ड्रेक ती इतक्या सहजतेने पेलतो की मात्रा मोजाव्यात असं मनातही येत नाही.

मैफल मात्र त्याला कधी साधली नाही. गिटारच्या तारा तो जवळपास प्रत्येक गाण्यासाठी वेगळ्या स्वरांत जुळवायचा. त्यात वेळ जायचा, तो काही बोलायचा नाही आणि श्रोत्यांच्या गप्पा सुरू व्हायच्या. जून 1970 मध्ये यूअल इथल्या कार्यक्रमात तो गाणं अर्धवट सोडून निघून गेला. पुढे बॉइडही अमेरिकेला गेला आणि निक नैराश्यात खोल बुडत गेला.

ऑक्टोबर 1971 मध्ये त्याने ध्वनिमुद्रक जॉन वूडला गाठलं. चेल्सीतला 'साउंड टेक्निक्स' हा स्टुडिओ दिवसभर इतरांच्या कामात असे, म्हणून रात्री अकराला सुरुवात. आत दोघंच. एक आवाज, एक गिटार. दोन रात्रींत अकरा गाणी झाली. नंतर भर पडली ती फक्त शीर्षकगीतातल्या पियानोची, तीही त्याच्याच हातची. 'पिंक मून' जेमतेम अठ्ठावीस मिनिटांची आहे. ध्वनिफिती त्याने मुकाट्याने कंपनीच्या स्वागतकक्षात ठेवल्या आणि तो निघून गेला, असं सांगतात. ती दंतकथा आहे. त्या त्याने 'आयलंड रेकॉर्ड्स' या कंपनीचा प्रमुख ख्रिस ब्लॅकवेल याच्या हातात दिल्या होत्या. अशा दंतकथांमुळे एक नेटका कलावंत झाकला जातो. मन ढासळत असतानाही त्याचा हात बिघडलेला नव्हता: बोटांची लय या तबकडीत कुठेही ढळत नाही.

1972 मध्ये त्याला पाच आठवडे रुग्णालयात राहावं लागलं. पुढे तो आईवडिलांकडेच असायचा. वडील त्याच्या आजारपणाची रोजनिशी ठेवत होते. नैराश्यावरच्या औषधाची मात्रा जास्त झाल्याने तो गेला. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला, पण घरच्यांपैकी काहींनी तो स्वीकारला नाही. तो गेला त्या एका रात्रीवरून त्याच्या प्रत्येक गाण्याचा अर्थ लावणं, हा त्याच्यावर अन्याय आहे.

त्याची गाणी वाचली ती माणसांमुळे. बॉइडने आपली कंपनी 'आयलंड'ला विकताना अट घातली होती, की निकच्या रेकॉर्ड बाजारातून कधीही काढायच्या नाहीत. ती पाळली गेली. 1979 मध्ये 'फ्रूट ट्री' हा संच निघाला. दूरदूरहून घर शोधत येणाऱ्या तरुण चाहत्यांना रॉडनी आणि मॉली घरात घेत, निकच्या घरगुती ध्वनिफितींच्या प्रतीही देत. बहीण, अभिनेत्री गॅब्रिएल हिने पुढे हा वारसा सांभाळला. 1999 च्या अखेरीस फोक्सवॅगनच्या जाहिरातीत 'पिंक मून' वाजलं आणि अमेरिकेत त्या तबकडीची विक्री कितीतरी पटींनी वाढली. पण जाहिरात वाजली तेव्हा दुकानात तबकडी होती, म्हणूनच हे घडलं. आणि त्यामागे बॉइडची अट होती. ब्रॅड मेलडाउसारख्या जाझ पियानोवादकाने 'रिव्हर मॅन' पुन्हा पुन्हा वाजवलं, ते मात्र केवळ त्या रचनेच्या ताकदीवर.

प्रौढपणीच्या निक ड्रेकचं हलतं चित्रीकरण आजवर मिळालेलं नाही. आहेत ती छायाचित्रं आणि गाणी. आपल्याकडेही किती कवी-गायकांच्या ध्वनिफिती घरच्या कपाटांत बुरशी धरत पडल्या असतील. ज्यांच्या घरी त्या आहेत, त्यांनी त्या जपाव्यात, त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात. आज ऐकणारं कुणी नसेल, म्हणून त्या टाकून देऊ नयेत. आणि ड्रेककडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाला एवढंच सांगणं, की आधी 'रिव्हर मॅन' ऐका, त्याचं चरित्र नंतर वाचा.