स्क्रमपासून संचालक मंडळापर्यंत

स्त्रियांना मतदानाचा हक्क जगात सर्वप्रथम दिला तो न्यूझीलंड या देशाने, १८९३ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८९२ मध्ये, त्या देशाच्या रग्बी संघटनेची स्थापना झाली होती. मतपेटी स्त्रियांसाठी इतक्या लवकर उघडणाऱ्या या देशात रग्बी संघटनेच्या संचालक मंडळावर पहिली स्त्री निवडून आली, ती मात्र डिसेंबर २०१६ मध्ये. मध्ये १२४ वर्षे गेली. या पहिल्या स्त्रीचे नाव डॉ. फराह पामर.

पामर यांचा परिचय साधारणपणे दोन प्रकारे करून दिला जातो. १९९८, २००२ आणि २००६ अशा सलग तीन विश्वचषकांत न्यूझीलंडच्या महिला संघाला विजेतेपद मिळवून देणाऱ्या कर्णधार, हा पहिला. मॅसी विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकवणाऱ्या आणि माओरी समाजावर संशोधन करणाऱ्या प्राध्यापिका, हा दुसरा. मैदान सोडून त्या अध्यापनाकडे वळल्या, असे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात त्यांची डॉक्टरेट २००० साली, पहिल्या आणि दुसऱ्या विश्वविजयाच्या मध्ये पूर्ण झाली. खेळ आणि अभ्यास या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात बराच काळ शेजारी शेजारी चालल्या. एवढेच नव्हे, तर एकीतून पडलेले प्रश्न त्यांनी दुसरीत विचारले, असेही म्हणता येईल.

आपल्याकडे रग्बी म्हटले की मुंबईतील जिमखान्याचे मैदान आणि पावसाळ्यातील चिखल एवढेच बहुतेकांना आठवते. त्यामुळे पामर मैदानावर नेमके काय करीत, हे थोडे सांगितले पाहिजे. त्या 'हूकर' होत्या. पाठीवर २ क्रमांक. खेळ थांबून पुन्हा सुरू होताना दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू वाकून, एकमेकांत गुंतून, समोरासमोर भिडतात, त्याला 'स्क्रम' म्हणतात. पहिल्या रांगेत तिघी असतात आणि हूकर त्यांच्या मधोमध. तिचे दोन्ही हात शेजारणींच्या खांद्यांभोवती अडकलेले, पाठीमागून पाचजणींचा रेटा आणि समोरून प्रतिस्पर्ध्यांचा. अशा स्थितीत मध्ये टाकलेला चेंडू पायाने ओढून मागे आपल्या सहकाऱ्यांकडे द्यायचा. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला, तर तो पुन्हा आत फेकण्याचे कामही बहुधा तिचेच. धावत जाऊन गुण मिळवणारीचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. हूकरचे क्वचितच येते. कबड्डीतील कोपरारक्षकाला जे भोगावे लागते, तेच हे!

पामर यांचा जन्म १९७२ साली ते कुइटी या गावचा. मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या व्यवसायासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. जवळच्या पिओपिओ या छोट्या गावात त्या वाढल्या. माओरींमधील न्गाती मानिआपोतो आणि वायकाटो या वंशगटांशी त्यांचे नाते आहे. शाळकरी वयात त्यांच्या पिढीतील मुलींप्रमाणे त्याही नेटबॉल खेळत. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठात गेल्या आणि तेथे रग्बी त्यांच्या हाती लागली. १९९६ मध्ये त्या राष्ट्रीय संघात आल्या आणि पुढच्याच वर्षी कर्णधार झाल्या.

त्यानंतरची कामगिरी थक्क करणारी आहे. १९९८ मध्ये अॅमस्टरडॅम येथे अमेरिकेवर ४४-१२, २००२ मध्ये बार्सिलोनात इंग्लंडवर १९-९ आणि २००६ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे पुन्हा इंग्लंडवर २५-१७ अशा अंतिम सामन्यांतील विजयांनी तिन्ही विश्वचषक त्यांच्या संघाने जिंकले. दहा वर्षांत त्या ३५ कसोटी सामने खेळल्या. त्यांपैकी हरल्या फक्त एक, २००१ मध्ये ऑकलंडजवळ, इंग्लंडकडून २२-१७ असा.

मात्र याच आकड्यांकडे जरा उलट बाजूने पाहावे. दहा वर्षांत ३५ सामने, म्हणजे वर्षाला सरासरी साडेतीन. पुरुष संघाचे विख्यात कर्णधार रिची मॅकॉ २००१ ते २०१५ या काळात १४८ कसोटी सामने खेळले. पुरुषांची रग्बी १९९५ मध्ये व्यावसायिक झाली आणि तिचे खेळाडू पगारदार झाले. 'ब्लॅक फर्न्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महिला संघाच्या खेळाडूंना संघटनेशी पहिले सशुल्क करार मिळाले ते २०१८ साली. तोवर या संघाने पाच विश्वचषक जिंकलेले होते. साहजिकच प्रत्येकीला पोटापाण्याचा वेगळा व्यवसाय हवाच होता. जगात सर्वत्र हीच स्थिती होती आणि बऱ्याच ठिकाणी ती आजही आहे. भारताचा महिला संघ २०१८ मध्ये पंधराजणींच्या आंतरराष्ट्रीय रग्बीत उतरला, तेव्हा त्याच्या कर्णधार असलेल्या पुण्याच्या वाहबिझ भरूचा याही फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करीत होत्या.

पामर यांचा व्यवसाय मात्र असा, की जी विषमता त्या स्वतः अनुभवत होत्या, तिचाच अभ्यास करण्याची सोय त्यात होती. ओटागो विद्यापीठातील त्यांच्या प्रबंधाचा विषय होता माओरी मुली, सत्ता, शारीरिक शिक्षण, खेळ आणि क्रीडा. शीर्षकाच्या उत्तरार्धात त्यांनी मुद्दाम बोलीतले शब्द घेतले आहेत. त्यांतील 'होरी' हा माओरींना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द, तर 'होहा' म्हणजे वैतागलेली. शारीरिक शिक्षणाच्या प्रबंधात 'सत्ता' हा शब्द काय करतो, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर न्यूझीलंडच्या इतिहासात आहे.

रग्बी हा तेथे राष्ट्रीय एकात्मतेचा खेळ मानला जातो. गोरे आणि माओरी खांद्याला खांदा लावून खेळतात, हे त्या देशाचे आवडते चित्र. पण वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर संघ पाठवताना हाच देश माओरी खेळाडूंना घरी ठेवत असे. १९२८ मध्ये असे झाले, १९४९ मध्ये झाले आणि १९६० मध्ये 'माओरी नाहीत, तर दौराही नाही' अशी देशव्यापी मोहीम होऊनही झाले. रग्बी संघटनेने याबद्दल माफी मागितली ती २०१० साली. शाळांमध्येही वेगळी परिस्थिती नव्हती. माओरी मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या सरकारी शाळांत बौद्धिक विषयांपेक्षा हातकामावर दीर्घकाळ भर होता. 'हे लोक उपजतच काटक आणि खेळकर' ही स्तुती त्यातूनच रुजली. आपल्याकडे आदिवासी धावपटूंविषयी असेच कौतुकाने बोलले जाते. या कौतुकाने माणूस मैदानात पोहोचतो. प्रशिक्षकाच्या, निवड समितीच्या किंवा अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत ते त्याला नेत नाही.

मुलींच्या वाट्याला तर मैदानही सहज आले नाही. १८९१ मध्ये ऑकलंडच्या निटा वेब यांनी महिलांचा रग्बी संघ बांधून दौरा काढण्याचे ठरवले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली आणि तो दौरा निघालाच नाही. माओरी मुलगी या दोन्ही अडथळ्यांच्या छेदावर उभी असते. पामर यांच्या संशोधनाचा रोख या छेदबिंदूवर राहिला. पुढे मॅसी विद्यापीठाच्या पामर्स्टन नॉर्थ येथील संकुलात (या शहराच्या नावाचा त्यांच्या आडनावाशी काही संबंध नाही, ते एका ब्रिटिश पंतप्रधानांवरून पडले आहे) अध्यापन करीत असताना त्यांनी एका सहकारी संशोधिकेसह क्रीडा प्रशासनात नेतृत्व करणाऱ्या माओरी स्त्रियांचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये क्रीडा व्यवस्थापनविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वंश आणि लिंग यांचे अडसर या स्त्रियांपुढे सुटे सुटे येत नाहीत, एकत्रच येतात. परंतु माओरी स्त्री म्हणून असलेला आत्मसन्मान हेच त्यांचे बळही ठरते, अशी त्या मांडणीची दिशा आहे.

योगायोग असा, की त्याच २०१० साली खर्चकपातीसाठी महिलांची प्रांतिक स्पर्धा भरवलीच गेली नाही. त्याच वर्षी ब्लॅक फर्न्सनी लंडनमध्ये सलग चौथा विश्वचषक जिंकला. मैदानावरील यश आणि खर्चाचा निर्णय करणारे टेबल यांच्यात किती अंतर असते, हे दाखवण्यासाठी प्रस्तुत लेखकाला तरी याहून बोलके उदाहरण आठवत नाही. ही स्पर्धा पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाली आणि २०१६ पासून ती 'फराह पामर कप' या नावाने खेळली जाते.

त्याच वर्षअखेरीस पामर संचालक मंडळावर निवडून आल्या. त्या ज्या जागेवरून आल्या, ती स्त्रियांसाठीची नव्हती, कारण तशी जागाच नव्हती. त्या आल्या माओरी रग्बीच्या प्रतिनिधी म्हणून. तीन वेळा जग जिंकलेल्या कर्णधाराला स्वतःच्या खेळाच्या संघटनेत प्रवेश मिळाला, तोही असा बाजूच्या दाराने. पुढे २०२१ मध्ये त्या उपाध्यक्ष झाल्या.

त्यानंतर सारे सुरळीत झाले, असे म्हणता आले असते तर बरे वाटले असते. स्पोर्ट न्यूझीलंड या सरकारी संस्थेने राष्ट्रीय क्रीडा संघटनांना २०२१ च्या अखेरपर्यंत संचालक मंडळात किमान ४० टक्के स्त्रिया असाव्यात, अशी अट घातली होती. रग्बी संघटनेला ती वेळेत पाळता आली नाही आणि तिचे काही अनुदान रोखून धरण्यात आले. याच सुमारास, डिसेंबर २०२१ मध्ये, ब्लॅक फर्न्सच्या ते कुरा न्गाता-आएरेंगामाते यांनी संघातील वागणुकीमुळे आपण मानसिकदृष्ट्या कोलमडल्याचे जाहीरपणे लिहिले. त्याही हूकर, पाठीवर तोच २ क्रमांक. त्यानंतर नेमलेल्या चौकशीचा अहवाल एप्रिल २०२२ मध्ये आला. माओरी आणि पॅसिफिक बेटांच्या वंशाच्या खेळाडूंची संख्या मोठी असलेल्या या संघात त्यांच्या संस्कृतीची पुरेशी जाण ठेवली गेली नाही, असे त्यातून पुढे आले. काही दिवसांत मुख्य प्रशिक्षकांनी राजीनामा दिला.

हे घडले तेव्हा पामर उपाध्यक्षपदी होत्या, ही गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. मंडळावरील एक व्यक्ती, ती कितीही मोठी असली, तरी ड्रेसिंग रूमपर्यंत पोहोचतेच असे नाही. प्रतिनिधित्व ही संख्येचीही बाब आहे, हे ४० टक्क्यांच्या अटीमागचे तत्त्व अशा वेळी पटते.

त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला ऑकलंडच्या ईडन पार्कवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ४२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर ब्लॅक फर्न्सनी इंग्लंडला ३४-३१ असे हरवले. सात आठवड्यांनी जाहीर झालेल्या नववर्ष सन्मानांच्या यादीत फराह पामर यांना 'डेम' हा किताब मिळाला. २०२३ मध्ये रग्बी संघटनेला पहिली महिला अध्यक्ष लाभली, ती देशाच्या माजी गव्हर्नर जनरल डेम पॅट्सी रेड्डी यांच्या रूपाने. त्यांचा मार्ग वकिली आणि कंपन्यांच्या संचालक मंडळांतून आलेला. चिखलातल्या स्क्रममधून निघून त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याची वाट त्या वर्षी तरी कोणा खेळाडू स्त्रीने पुरी केली नव्हती; पामर तिच्या अगदी शेजारच्या खुर्चीपर्यंत जाऊन आल्या होत्या.