पेटी नवी, रंग घरचेच

ईदसाठी आम्ही मायलेकींनी मोठ्या हौसेने १२ रंगांची आयशॅडोची पेटी आणली. घरी लावून पाहिली, तर गडद तपकिरी रंग पापणीवर खडूच्या धुळीसारखा उडाला. दुकानदार परत घेईना. लेकीचा चेहरा उतरला.

मग आम्ही कपाटातल्या जुन्या पेट्या काढल्या आणि उजेडात मनगटावर एकेक रंग ताडून पाहिला. १२ पैकी ९ रंग घरातच निघाले! “अम्मी, मग आपण पैसे दिले कशाचे?” लेकीने विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते.

उरलेले तीन आम्ही जमवले. विटकरीत चिमूटभर काळा मिसळला, चॉकलेटी तयार. तपकिरी, विटकरी, पिवळसर हे रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडचेच असतात, म्हणून ते एकमेकांत छान मिसळतात. चमक असते अभ्रकाची. ती किंचित ओल्या ब्रशने लावावी, उठून दिसते. पापणीवर आधी कन्सीलरचा पातळ थर दिला, तर रंग टिकतो.

मात्र भगिनींनो, काटकसर डोळ्यांच्या जिवावर नको. उघड्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ लिहिले असेल, तर पेटी उघडल्यापासून १२ महिनेच वापरायची. वास बदललेली किंवा डोळे आले असताना वापरलेली पेटी सरळ टाकून द्यावी.

ईदच्या सकाळी लेक नटली. “कोणती पेटी गं?” मैत्रिणींनी विचारले. ती हसून म्हणाली, “आमच्या कपाटातली!”