नकार वाचता आला पाहिजे

विमान जमिनीवरून उचलण्याआधी त्याचा सगळा प्रवास लिहून झालेला असतो. कोणतं विमान, कुठून, किती वाजता, कोणत्या वेगाने आणि उंचीवरून, कोणकोणत्या बिंदूंवरून जाणार. ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ कोणता. इंधन किती वेळ पुरेल आणि आत माणसं किती. या लेखी निवेदनाला फ्लाइट प्लॅन म्हणतात. पूर्वी तो विमानतळावरच्या ब्रीफिंगच्या खोलीत छापील फॉर्मवर भरून देत. आता वैमानिक किंवा डिस्पॅचर तो लॅपटॉपवर भरतो, बटण दाबतो आणि थोड्याच वेळात उत्तर येतं: स्वीकारला किंवा नाकारला.

नकार आला की नवशिका वैतागतो, मार्ग पुसतो, दुसऱ्या कुणाचा तरी मार्ग जसाच्या तसा उचलून डकवतो आणि स्वीकाराचा शिक्का मिळेपर्यंत हेच करत राहतो. ही सवय लागली की ऑनलाइन फ्लाइट प्लॅनिंगची निम्मी उपयुक्तता वाया जाते. यंत्राचा नकार हा शिकण्याचा मजकूर आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, यंत्राला कशाला नकार देता येतो आणि कशाला येत नाही हे ज्याला कळलं, त्यालाच ही सेवा वापरता आली असं म्हणावं.

हे काम हाताने होत असे तो काळ फार जुना नाही. अमेरिकेत टपाल विमानं चालवणारा एल्रे जेपसन खिशातल्या वहीत टेकड्यांची उंची, धावपट्ट्यांची लांबी आणि हवामानाची खबर देणाऱ्या शेतकऱ्यांचे फोन नंबर टिपून ठेवी. इतर वैमानिक ती वही मागू लागले आणि १९३४ मध्ये त्याने तिच्या प्रती विकायला काढल्या. जगभर वापरल्या जाणाऱ्या जेपसन नकाशांचा उगम तो. त्याच दशकात फिलिप डाल्टनने फिरत्या तबकडीचं गणकयंत्र बनवलं. वारा, वेग आणि दिशा यांचा हिशेब करणारी ही ‘ई-सिक्स-बी’ तबकडी फ्लाइंग क्लबमधले विद्यार्थी आजही शिकतात. जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले, तेव्हा वाट दाखवायला जमिनीवरून रेडिओ नव्हता. मार्ग आखायचा तो नकाशावर आणि तपासायचा तो खिडकीतून खाली बघून.

आजची सेवा हे सगळं एका पडद्यावर आणते. अमेरिकेतली ‘स्कायव्हेक्टर’ नकाशे फुकट दाखवते आणि त्यावर बोटाने मार्ग ओढू देते. तिथल्या खासगी वैमानिकांना हवामानाची माहिती घेणं आणि प्लॅन दाखल करणं ‘लायडॉस’ चालवते त्या फ्लाइट सर्व्हिसमधून करता येतं. घरच्या संगणकावर सिम्युलेटर उडवणाऱ्यांसाठी ‘सिमब्रीफ’ आहे. विमान कंपनीच्या वैमानिकाच्या हातात पडतो तसाच इंधनाचा, वाऱ्याचा आणि वजनाचा तपशील ती काढून देते. भारतात एअरपोर्ट्स अथॉरिटीकडे प्लॅन ऑनलाइन दाखल करता येतो; मात्र खासगी किंवा प्रशिक्षणाच्या उड्डाणाला त्यासोबत उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक आणि हवाई दलाच्या परवानगीचा एडीसी क्रमांक लागतो. ते क्रमांक हाती नसतील, तर प्लॅन स्वीकारला गेला एवढ्यावर इंजिन सुरू करून चालत नाही.

पडद्यामागे तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, हवाई मार्ग आणि बिंदूंची यादी. ही यादी जगभर दर २८ दिवसांनी, गुरुवारी बदलते. या चक्राला एरॅक म्हणतात. दुसरी, वरच्या थरांतल्या वाऱ्यांचा अंदाज. मुंबई-लंडन जायला परतीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण पश्चिमेकडून येणारा जोरदार वारा जाताना समोरून आणि येताना पाठीमागून असतो. तिसरी, त्या विमानाची कुवत: किती वजनाला, किती उंचीवर, किती इंधन जळतं. यातली एक गोष्ट जुनी किंवा चुकीची असेल, तर उत्तर कितीही नीटनेटकं दिसलं तरी ते चुकीचंच.

आता खुद्द फॉर्म जवळून पाहू. त्याच्या रकान्यांचे क्रमांक जगभर सारखे आहेत. सातव्या रकान्यात विमानाची ओळख, जास्तीत जास्त सात अक्षरं. भारतीय विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’नंतर आडवी रेघ रंगवलेली असते, फॉर्ममध्ये ती रेघ घातली की नकार. दहाव्या रकान्यात विमानावरची उपकरणं एकेका अक्षराने लिहायची. १५ नोव्हेंबर २०१२ पासून या रकान्याची रचना बदलली, तेव्हापासून इथे सर्वांत जास्त अडखळायला होतं. ‘आर’ हे अक्षर लिहिलं, म्हणजे विमान उपग्रहाच्या किंवा तत्सम साधनांच्या मदतीने ठरावीक अचूकतेने उडू शकतं असा दावा केला. मग अठराव्या रकान्यात ‘पीबीएन’ लिहून त्यापुढे ती अचूकता नेमकी कोणती हे सांगावंच लागतं. दावा एकीकडे आणि पुरावा कुठेच नाही, हे यंत्राला चालत नाही.

आपल्याकडच्या वैमानिकांची खरी परीक्षा वेळ आणि तारखेत होते. फॉर्ममधली प्रत्येक वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची आणि आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. समजा, १ जानेवारीला पहाटे पाच वाजता नागपूरहून निघायचं आहे. फॉर्ममध्ये वेळ येईल २३३० आणि तारीख येईल ३१ डिसेंबर, म्हणजे वर्षसुद्धा मागचं. घाईत १ जानेवारी लिहिलं तर यंत्र तक्रार करणार नाही, कारण तीही वैध तारीख आहे. प्लॅन स्वीकारला जाईल आणि बरोबर २४ तास उशिराचा असेल. पहाटे टॉवरशी बोलताना ‘तुमचा प्लॅन दिसत नाही’ असं ऐकू येतं, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हीच चूक असते.

असाच सापळा विमानतळाच्या चार अक्षरी संकेतात आहे. गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा संकेत व्हीओजीओ, मोपाचा व्हीओजीए. फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. बोट चुकलं तरी यंत्र मुकाट्याने मान्य करील, कारण दोन्ही ठिकाणं खरी आहेत. उलट एखाद्या साखर कारखान्याजवळच्या संकेत नसलेल्या हेलिपॅडवरून निघायचं असेल, तर संकेताच्या जागी चार वेळा ‘झेड’ लिहून अठराव्या रकान्यात त्या जागेची नोंद करावी लागते. ती विसरली तर लगेच नकार येतो.

एकोणिसावा रकाना सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. इंधन किती वेळ पुरेल, माणसं किती, लाइफ जॅकेट आहेत का, विमानाचा रंग कोणता, वैमानिकाचं नाव काय. ही माहिती एरवी पुढे पाठवली जात नाही, पण प्लॅन दाखल झाला तिथे ती जपून ठेवतात. विमान अपेक्षित वेळेनंतर अर्ध्या तासात पोचलं नाही आणि त्याचा आवाजही ऐकू आला नाही, की शोधकार्याची पहिली पायरी सुरू होते. तेव्हा शोधणाऱ्यांच्या हाती हाच रकाना असतो. इथे इंधनाचा वेळ तास-मिनिटांत लिहायचा: ०४३० म्हणजे साडेचार तास. तो खरा आहे की अंदाजे ठोकून दिला, हे कोणतंही सॉफ्टवेअर ओळखू शकत नाही.

नकार देण्याची कला जगात सर्वांत पुढे नेली ती युरोपने. युरोकंट्रोलची ‘आयएफपीएस’ ही यंत्रणा ब्रुसेल्सजवळ हारेन आणि पॅरिसजवळ ब्रेतिन्यी अशा दोन ठिकाणांहून चालते. युरोपच्या आकाशात उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या प्रत्येक विमानाचा प्लॅन तिथे एकदाच द्यायचा. ती तपासते आणि वाटेतल्या सगळ्या देशांच्या नियंत्रण केंद्रांना पोचवते. उन्हाळ्यात दिवसाला तीस हजारांहून अधिक उड्डाणं तिच्या हातून जातात. तिची उत्तरं तीनच: स्वीकारला, नाकारला, किंवा माणसाकडे तपासणीला पाठवला.

नकार येतो तो कारणासकट. अमुक बिंदू यादीत नाही. या दोन बिंदूंमधला सरळ टप्पा मर्यादेपेक्षा लांब आहे. हा मार्ग या उंचीवर बंद आहे. याच विमानाचा याच वेळेचा दुसरा प्लॅन आधीच पडून आहे. प्रत्येक वाक्य आपल्याला चुकीच्या जागी नेऊन उभं करतं. बिंदू सापडत नसेल तर स्पेलिंगआधी एरॅकची तारीख पाहावी. आपली सेवा मागच्या चक्रावर अडकलेली असू शकते. मार्ग बंद असेल तर उंची बदलून पाहावी, मग वेळ. बरेच मार्ग फक्त रात्री किंवा शनिवार-रविवारी खुले असतात. दुसरा प्लॅन आडवा येत असेल तर आधी जुना रद्द करावा, मगच नवा पाठवावा. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कोणत्या बदलाने गाठ सुटली ते कळतं. युरोकंट्रोलने यासाठी चाचणीची वेगळी खिडकी ठेवली आहे: तिथे प्लॅन तपासला जातो, दाखल होत नाही. ‘ऑटोराउटर’ ही युरोपातल्या छोट्या विमानांच्या वैमानिकांची आवडती सेवा हेच काम स्वतः करते. मार्ग सुचवते, तपासायला पाठवते, नकार वाचते, दुरुस्ती करते आणि स्वीकार मिळेपर्यंत पुन्हा पाठवते.

आणि तरीही यंत्र अडखळतं. २८ ऑगस्ट २०२३ ला, ब्रिटनमध्ये सुट्टीचा सोमवार असताना, लॉस एंजलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा प्लॅन ब्रिटिश नियंत्रण सेवेच्या संगणकात आला. युरोकंट्रोलने तो तपासून मान्य केला होता आणि त्यात नियमबाह्य काही नव्हतं. पण ‘डीव्हीएल’ या एकाच संकेताचे दोन बिंदू त्या मार्गाशी जोडलेले होते: एक अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटातलं डेव्हिल्स लेक, दुसरा फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं डोव्हिल. दोन्हींमध्ये सुमारे चार हजार सागरी मैलांचं अंतर. विमान ब्रिटनच्या हद्दीतून बाहेर कुठे पडतं हे शोधताना संगणकाला भलताच डीव्हीएल सापडला आणि हिशेब जुळेना. नियंत्रकांपुढे चुकीची माहिती जाण्यापेक्षा थांबलेलं बरं, अशीच त्याची रचना होती. तो थांबला. राखीव संगणकाने तोच प्लॅन उचलला आणि तोही थांबला. हे सगळं २० सेकंदांच्या आत घडलं.

त्याआधी या यंत्रणेने दीड कोटीहून अधिक प्लॅन हाताळले होते. आता तासाला ४०० ऐवजी जेमतेम ६० प्लॅन माणसं हाताने भरू लागली. दुरुस्तीसाठी लागणारा अभियंता घरून काम करत होता. दुरून प्रवेश मिळेना, म्हणून त्याला प्रत्यक्ष केंद्रावर यावं लागलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला विचारायला चार तासांहून जास्त वेळ गेला. सात लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले. पण एकही विमान धोक्यात आलं नाही. नकाराची ती किंमत मोठी होती, तरी माझ्या मते ती योग्य होती.

कारण चुकीच्या होकाराची किंमत याहून भयंकर असते. २८ नोव्हेंबर १९७९ ला एअर न्यूझीलंडचं डीसी-१० विमान अंटार्क्टिका दाखवायला प्रवाशांना घेऊन निघालं. कंपनीच्या संगणकात मार्गाच्या शेवटच्या बिंदूचा रेखांश बरेच महिने दोन अंशांनी चुकलेला होता, आणि त्या चुकीमुळे विमानं मोकळ्या खाडीवरून जात. वैमानिकांना माहिती दिली गेली ती याच मार्गाची. उड्डाणाच्या आदल्या रात्री आकडा ‘दुरुस्त’ झाला, पण वैमानिकांना कुणी सांगितलं नाही. नवा मार्ग थेट एरेबस पर्वतावरून जात होता. विमानातले सर्व २५७ जण मृत्युमुखी पडले. दहा वर्षांनी, ३ सप्टेंबर १९८९ ला, ब्राझीलमध्ये मराबाहून बेलेमला निघालेल्या वैमानिकाने प्लॅनवर छापलेली ०२७० ही दिशा २७० अंश अशी वाचली. तिचा खरा अर्थ होता २७ अंश. दशांश चिन्ह छापलेलंच नव्हतं. उत्तरेकडे जाणारं विमान पश्चिमेला गेलं आणि इंधन संपल्यावर अंधारात अॅमेझॉनच्या जंगलात उतरलं. दोन्ही वेळा संगणकाने काहीच नाकारलं नव्हतं.

म्हणून बारामती, धुळे, गोंदिया, नागपूरच्या धावपट्ट्यांवर शिकणाऱ्या मुलामुलींना आणि रात्री घरी सिम्युलेटर उडवणाऱ्या हौशी मंडळींना एक आग्रहाचं सांगणं आहे. ऑनलाइन सेवा जरूर वापरा. ती तुमच्यापेक्षा वेगाने आणि अचूक हिशेब करते. नकार आला तर कारण शेवटपर्यंत वाचा आणि दुसऱ्याचा मार्ग डकवू नका. होकार आला तर पाच गोष्टी स्वतः पाहा: तारीख, विमानतळाचा संकेत, पहिली दिशा नकाशावर ठेवून, इंधनाचा वेळ आणि माणसांचा आकडा. या पाचांतली चूक यंत्र बहुधा पकडणार नाही. ती पकडणं वैमानिकाचं काम आहे, आणि प्लॅनवर नावही त्याचंच असतं.