गाठ निघाली? आधी नीट समजून घ्या!

दिवाळीआधी बचत गटाची बैठक संपली, तरी एकजण मागं रेंगाळली. पिशवीतून सोनोग्राफीचा कागद काढत म्हणाली, "ताई, अंडाशयात ४ सेंटिमीटरची गाठ निघालीय. सासूबाई म्हणतात, गर्भाशयच काढून टाक." वय अवघं ३२!

मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी समजावलं, "ही साध्या पाण्याची गाठ. स्त्रीबीज तयार होताना अशी होते आणि बहुधा २-३ पाळ्यांत आपोआप जिरते. दोन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती हसतच आली. गाठ जिरली होती!

मैत्रिणींनो, प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. ती वाढत गेली किंवा वेगळी दिसली, तर ऑपरेशन लागू शकतं. तेही बऱ्याचदा दुर्बिणीतून, गाठ तेवढी काढून अंडाशय राखता येतं. मात्र ओटीपोटात एकाएकी असह्य कळ आली, उलट्या झाल्या, तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा लगेच दवाखाना गाठा. पाळी गेल्यानंतर गाठ निघाली, तर तपासणी मुळीच लांबवू नका.

आणि कुणी गर्भाशय काढा म्हटलंच, तर धीटपणे विचारा, गाठ अंडाशयात आहे, मग गर्भाशय कशासाठी? दुसऱ्या डॉक्टरांचाही सल्ला घ्या. शरीर आपलं आहे, बायांनो!